बादलीला माझं मत

प्रिय पिपाणी,

स्पर्धेच्या मंडळाच्या चिटणीसबाई पत्रं टाकण्यात फार तत्पर आहेत, म्हणून त्यांच्याआधी टपाल गाठायचं मी ठरवलंय. त्यांचं पत्र चार ओळींचं असेल, टाईप केलेलं, त्यात खोटं काही नसेल आणि तरी ते वाचून खरं काय झालं ते तुला कळणार नाही. माझं लांबलचक आहे, अक्षर नेहमीसारखं पळतंय, पण मधेच थांबून फोन उचलू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग रागवायचं असेल तर खुशाल रागव. तुमच्या कंपनीला पुढच्या मोसमात मोठं थिएटर मिळणार की तुम्ही पुन्हा शाळेच्या जिमखान्यात गाणार, हे शनिवारी ज्या खोलीत ठरलं त्या खोलीत मी होते. तिघा परीक्षकांपैकी एक. आमची नावं निकालापर्यंत गुप्त ठेवतात, म्हणून ते तुला माहीत नव्हतं. आणि स्पर्धेत तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. या दुसऱ्या गोष्टीवर तुझा विश्वास बसायला हवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आधी घरचं. तुझे बाबा मजेत आहेत. गुडघा कुरकुरतो पण ते स्वतः कुरकुरत नाहीत. पियानो लावायची कामं कमी केली असं सगळ्यांना सांगतात आणि हत्यारांची पेटी घेऊन निम्मा आठवडा बाहेर असतात. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं व्हायोलिन सुरू केलंय, त्यामुळे त्या मजल्यावरचं मांजर आता आमच्याकडे राहतं. मी शिकवण्या फक्त सकाळच्या ठेवल्यात. स्वयंपाकघराची खिडकी निळी रंगवली, तुला आवडणार नाही. आता घरचं संपलं.

मंडळाची खोली वाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. जाड पडदे, दोन मोठे स्पीकर, मधे टेबल आणि टेबलावर पाण्याचा जग. जुने ऑपेरा मूळच्या इटालियनमधून इंग्रजीत आणून गातात त्यांचीच ही स्पर्धा. सगळ्यांनी एकच प्रवेश रेकॉर्ड करून पाठवायचा, भाषांतर ज्याचं त्याचं. पहिल्यांदा ऐकताना आमच्या हातात शब्दांचा कागद द्यायचा नाही असा इथला नियम आहे. ऐकून झालं की प्रत्येकानं प्रवेशात काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. जे कळलं नाही ते गाणाऱ्याच्या खात्यावर, ऐकणाऱ्याच्या नाही. आणि कोण कुठलं याचा सुगावा लागू नये म्हणून चिटणीसबाई रेकॉर्डिंगना घरातल्या वस्तूंची नावं देतात. आकडे दिले तर पहिला-दुसरा असं आधीच मनात बसतं, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे आम्हा जाणकारांची चर्चा कशी चालते बघ: शिडी वरच्या सुरात चिरकली, कपाटाला दम पुरला नाही, उशी छान आहे पण झोप आणते. बाहेरून कुणी ऐकलं तर आम्ही जुनं सामान विकायला काढलंय असंच वाटेल.

आता परीक्षक. प्रमुख म्हणजे ते वाद्यवृंदाचे वयोवृद्ध संचालक, ज्यांच्या काठीखाली मी जन्मभर गायले. मी त्यांना पाठीमागे मूळपुरुष म्हणते, कारण कुठल्याही भाषांतराला त्यांचं पहिलं वाक्य ‘मुळात असं नाही’ हेच असतं. मग भाषांतरांच्या स्पर्धेला का बसतात? तर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं म्हणून. दुसरी मी. आणि तिसरी दातांची डॉक्टर. हसू नकोस, तो मंडळाचा नियमच आहे. तिघांपैकी एक जण असा हवा की ज्याला इटालियन येत नाही आणि गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. ती बाई सकाळीच म्हणाली की मी पेशंटना तोंड उघडं ठेवा म्हणून विनवण्या करते आणि तुमचे लोक ते बंदच करत नाहीत. मला ती तिथल्या तिथे आवडली.

भाषांतर हवं की नको या भांडणात मी कुठल्या बाजूला आहे हे तुला माहीत आहे, आणि ते का, तेही. तुझी आजी, माझी आई. मी पहिल्यांदा मोठ्या रंगमंचावर मेले तेव्हा ती पुढच्या रांगेत होती. मी अख्खा शेवटचा अंक इटालियनमध्ये प्राण सोडत होते. नंतर ती आत आली, मला पोटाशी धरलं आणि काळजीनं विचारलं, तुला नक्की झालं काय होतं? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात काढलेली बाई ती. दिवसभर कानाला लोकांचे आवाज आणि समोर तारा. तिच्या लेखी आवाज चांगला म्हणजे पहिल्या फटक्यात कळणारा. माझ्या किती नामांकित मैत्रिणींचं गाणं ऐकून ती शांतपणे म्हणायची, ‘हिचा फोन मी जोडून देऊ शकले नसते.’ मूळपुरुषांचा अवघा ग्रंथसंग्रह एका पारड्यात आणि आजीचं हे वाक्य दुसऱ्यात, असा माझा तराजू आहे.

यंदाचा प्रवेश दाईचा होता. जिला अंगाखांद्यावर वाढवलं ती मुलगी पहाटे घर सोडून चाललीय, आणि दाई तिची बॅग भरते आहे. दोघींनाही माहीत आहे की मुलगी परतणार नाही. दुपारपर्यंत बहुतेक सामान गळालं आणि छत्री आणि बादली उरल्या. छत्रीचा आवाज म्हणजे काय सांगू, भरजरी. मी डोळे मिटून ऐकलं. पण ऐकून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं की ही मोलकरीण त्या मुलीवर एवढी का चिडलीय. मूळपुरुषांनी कपाळाला हात लावला. मी पाणी प्यायले.

मग बादली लागली. आवाज खालच्या पट्टीतला, दाट, थोडा खरखरीत, अजिबात घाई नाही. तुला मी किती वेळा सांगितलंय, इटालियन शब्द शेवटी उघडा राहतो, सूर हवा तेवढा लांबवता येतो; इंग्रजी शब्द शेवटी मिटतो, आणि तिथेच गाणाऱ्यांची फजिती होते. कुणी शेवटचं अक्षर गिळतात, कुणी दाणकन आपटतात. या बाईनं ‘द रोड इज कोल्ड’ असं गायलं, त्या ‘कोल्ड’वर कितीतरी वेळ थांबली, आणि शेवटचा ‘ड’ असा ठेवला, जसं झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार आपण ओढून घेतो. मी पाहिलं तर माझा हात शालीकडे गेला होता. खोली बंद, पडदे जाड, बाहेर ऊन. मी मनात म्हटलं, आई, हिचा फोन तू लगेच जोडून दिला असतास.

काय कळलं ते सांगायची पहिली पाळी डॉक्टरीणबाईंची होती. त्या म्हणाल्या, ‘ही बाई रडत नाहीये, कारण ती रडली तर मुलगी जाणार नाही.’ पिपाणी, मी वर्षानुवर्षं विद्यार्थिनींना हा प्रवेश शिकवत आले, आणि हे एवढं वाक्य त्यांना पटवून देण्यात माझा निम्मा जन्म गेला. इथे दातांच्या डॉक्टरला ते कागदाशिवाय, एका ऐकण्यात कळलं.

त्यानंतर शब्दांचे कागद हातात देऊन बादली पुन्हा लावली आणि मूळपुरुष उसळले. मुळात दाई म्हणते, जा, देव तुझं भलं करो. बादलीच्या भाषांतरात ती म्हणते, कोटाची बटणं लाव, रस्ता थंड आहे. मुळात कोट नाही, बटणं तर नाहीतच, मग ही बटणं आली कुठून? मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, जिच्या तोंडून निरोपाचा शब्द फुटत नाही ती बाई बटणांबद्दलच बोलणार. देवाचं नाव घ्यायला धीर लागतो, तो तिच्याकडे नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला प्रवेश मुळाहून जास्त कळलाय. मूळपुरुष म्हणाले, मुळाहून जास्त कळणं हाच गुन्हा आहे. आम्ही चहा थंड होईपर्यंत भांडलो. मी इतकी भांडले, इतकी भांडले की चहापुरती उघडलेली खिडकी चिटणीसबाईंनी लावून घेतली. शेवटी मूळपुरुषांचं मत छत्रीला, डॉक्टरीणबाईंचं बादलीला आणि माझं बादलीला. दोनास एक. बादली जिंकली, म्हणजे थिएटर बादलीचं. मला वाटलं की माझ्या हातून बऱ्याच दिवसांनी एक चांगलं काम झालं.

विजेत्याच्या नावाचं पाकीट उघडायच्या आधी जरा मागे जाते. तुझा पहिला जाहीर कार्यक्रम तुला आठवतो तसा मला आठवतो. आत गर्दी झाली होती आणि जो तो म्हणत होता, डोळे मिटले तर बाईच गातायत. मी फुलून गेले होते. तुझा चेहरा मात्र प्रत्येक कौतुकाला उतरत होता. माझ्या विद्यार्थिनींचा गळा लोक लांबून ओळखतात, वरच्या सुराआधी ती एक बारीक उसळी, तिला बाईंचा शिक्का म्हणतात. आणि तुझ्यावर तो सगळ्यांत खोल उठला होता. मग तू घर सोडून दुसऱ्या गावी जायला निघालीस तेव्हा म्हणालीस, ‘आई, गाताना मला तूच ऐकू येतेस.’ आणि मी बोलावेन तेव्हाच माझ्या गाण्याला ये, म्हणालीस. भांडण नव्हतं ते, मला तेव्हाही कळलं होतं. शिकवणारी बाई म्हणून पटलंसुद्धा. आई म्हणून पटायला जरा वेळ लागला. तेव्हापासून तू सणाला-वाराला येतेस, जेवतेस, हसतेस, पण घरात गात नाहीस, आणि मी विचारत नाही. कुठल्या नावानं गातेस हेदेखील मी कधी विचारलं नाही. कानाला खडा लावला तो लावला.

तर पाकीट. चिटणीसबाईंनी कंपनीचं नाव वाचलं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. मग दाईचं काम करणारीचं नाव वाचलं. माझ्या आईचं नाव होतं ते. लग्नाआधीचं, आडनावासकट, जे एक्स्चेंजच्या बिल्ल्यावर असायचं आणि जे आता जगात तीन माणसं सोडून कुणाला आठवत नाही. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण पाकिटात फोटो होता, जिमखान्याच्या पायऱ्यांवर सगळी मंडळी बसलेली, आणि कडेला तू, बाबांचं नाक घेऊन. मी तो फोटो चिटणीसबाईंच्या हातातून घेतला. ज्या मुलीला सारेगमच्याही आधी श्वास घ्यायला शिकवलं, तिचा आवाज दोनदा ऐकून मी ओळखला नव्हता. कुठे माझी पिपाणी आणि कुठे ही खालच्या पट्टीतली बाई.

आता नीट ऐक. त्या खोलीत कुणालाही काही माहीत नव्हतं. नाव वेगळं, आवाज वेगळा. चिटणीसबाई निकाल लिहायला लागल्याच होत्या. मी गप्प बसले असते तर आज तुला थिएटरची किल्ली मिळाली असती. मी उभी राहिले आणि आपलं नातं सांगून टाकलं. नेमके कोणते शब्द बोलले ते शेवटी सांगते. चिटणीसबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. स्पर्धेत परीक्षकाचं कुणी नातेवाईक निघालं तर त्या परीक्षकाचं मत बाद. उरलं एकास एक. बरोबरी झाली तर प्रमुखाची बाजू मोठी. थिएटर छत्रीला गेलं. डॉक्टरीणबाई भडकल्या, म्हणाल्या, आपलेच दात आणि आपलेच ओठ, हा कसला नियम. पण नियम तो नियम, आणि तो बरोबरच आहे.

मूळपुरुषांचं मत मी बदलू शकले नाही, त्यांनी ते बदललंही नाही. पण त्यांनी एक केलं. सगळं आवरल्यावर त्यांनी चिटणीसबाईंना बादली पुन्हा लावायला सांगितली. संपेपर्यंत डोळे मिटून ऐकलं, कागद हाताशी असून तो न उचलता, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमचा शिक्का नाही हिच्यावर.’ आणि मग, जिना उतरताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘अभिनंदन, बाई.’ या माणसानं माझ्या उभ्या कारकिर्दीत मला एवढं काही दिलं नव्हतं.

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात एका पियानोचे हातोडे घासत बसले होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘ओळखलंस?’ मी म्हटलं, नाही. त्यावर हा माणूस चष्मा काढून इतका हसला की मांजर उठून गेलं. तेव्हा मला समजलं की मी परीक्षक आहे हे त्यांना माहीत, तू स्पर्धेत आहेस हेही माहीत, आणि ते महिनाभर मूग गिळून बसले होते. तुझ्या गावी तीन-तीन दिवस पियानो लावायला जातात ते कुठल्या पियानोला, हेही कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं एवढ्या सफाईनं मी कुणाला करताना पाहिलं नाही. तुझा आवाज खाली उतरत गेला तो त्यांनी दर मोसमात ऐकलाय, आणि घरी येऊन मला म्हणायचे, तिकडचे पियानो दमट हवेनं उतरतात. मग मी त्यांना बटणांचं भांडण सांगितलं. ते हसायचे थांबले. म्हणाले, ‘अगं, बटणं तुझीच आहेत.’ तू निघालीस त्या सकाळी दारात मी तुला काय म्हटलं हे मला खरंच आठवत नव्हतं. त्यांना आठवतं. मी म्हटलं होतं, कोटाची बटणं लाव, बाहेर थंडी आहे. बस, एवढंच. मग मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. चिटणीसबाई लिहितील की एका परीक्षकानं नातं उघड केल्यामुळे मत बाद झालं. तू म्हणशील, आई किती तत्त्वाची. तुमची मंडळी म्हणतील, तुझी आई अंमळ जास्तच तत्त्वाची. दोन्ही नाही. मला त्या वेळी नियम आठवलाच नव्हता. मला ते पोटात मावेना, एवढंच खरं. थिएटर माझ्यामुळे गेलं, त्याबद्दल तुझ्या मंडळींपुढे माझे कान पकडलेले आहेत असं सांग, आणि ती बटणं ज्यानं भाषांतरात घातली तो जर तू नसशील तर त्याला माझा नमस्कार सांग. पण गेलेल्या त्या मताबद्दल एक लक्षात ठेव. ते आईचं नव्हतं आणि तुझ्या शिक्षिकेचंही नव्हतं. ते एका परक्या बाईनं बादलीला दिलं होतं, आणि त्यासाठी ती घसा बसेपर्यंत भांडली होती. असं मत मी तुला मुद्दाम कधीच देऊ शकले नसते, आणि कागदावरून खोडलं म्हणून ते दिलेलं जात नाही. आता राहिले ते शब्द. लोक आजवर तुला दाखवून म्हणत आले, ही बाईंची मुलगी. तुझा फोटो हातात घेऊन मी उभी राहिले तेव्हा तसं काही म्हटलं नाही. मी मूळपुरुषांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, ‘मी हिची आई आहे.’ पुढच्या महिन्यात बाबा तिकडे निघालेत, जिमखान्यातला पियानो पुन्हा उतरलाय म्हणतात. हत्यारांची पेटी जड असते आणि त्यांचा गुडघा तुला माहीत आहे. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. पण येऊ का, पेटी धरायला?

तुझीच,
आई